वापरलेले किंग एअर सी-९०: तासांआधी तारखा बघा

स्वतः चालवायला दोन इंजिनांचे जुने टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारे विमान) घ्यायचे म्हटले की अमेरिकेच्या बाजारात पाच नावे पुन्हापुन्हा समोर येतात: बीचक्राफ्टचे किंग एअर ९०, सेस्ना ४२५, पायपर शायेन, टर्बो कमांडर ६९० आणि मित्सुबिशी एमयू-२. बॅरन किंवा सेस्ना ४२१ यांसारख्या दोन पिस्टन इंजिनांच्या विमानावर हात बसलेला आणि वर्षाला १०० ते १५० तास उडणारा मालक असेल, तर आमचा कौल किंग एअर सी-९०बीला. ते परवडत नसेल तर सी-९०ए. एमयू-२ आणि कमांडर यांच्यापेक्षा हे हळू आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण एमयू-२ साठी एफएएने (अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने) २००८ मध्ये खास प्रशिक्षणाची सक्ती केली ती उगाच नाही. ते विमान रोज उडणाऱ्याचे आहे. किंग एअर चुका पोटात घालते, त्याचे सुटे भाग मिळतात आणि ते आतून-बाहेरून ओळखणारा मेकॅनिक शोधायला चार राज्ये पालथी घालावी लागत नाहीत.

मात्र नीट सांभाळलेले सी-९०ए हे दुर्लक्षित सी-९०बीपेक्षा केव्हाही चांगले. म्हणून मॉडेलपेक्षा तपासणीबद्दल इथे जास्त लिहिले आहे.

मॉडेलांचे थोडक्यात असे. या घराण्याचे पहिले उड्डाण १९६४ चे. सत्तरच्या दशकातल्या सी-९० मध्ये सुरुवातीला पीटी-६ए-२० मालिकेची इंजिने होती, नंतर पीटी-६ए-२१ आली. १९८४ मध्ये आलेल्या सी-९०ए ला नव्या आकाराची इंजिन-झाकणे मिळाली. त्यांच्यामुळे इंजिनात हवा जास्त दाबाने शिरते, त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला (पंखा फिरवणाऱ्या जोराला) तापमान कमी राहते. केबिनच्या दाबाची मर्यादाही ४.६ वरून ५.० पीएसआय झाली. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो; २५,००० फुटांवर मात्र जुन्या सी-९० मध्ये केबिनची उंची (आतला दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती) १०,००० फुटांच्या थोडी वर जाते, तर सी-९०ए मध्ये ९,२०० च्या आसपास राहते. तीन-चार तासांच्या प्रवासात घरातल्या ज्येष्ठांना हा फरक जाणवतो. सी-९०ए च्या नंतरच्या विमानांत चाके आत-बाहेर करायला हायड्रॉलिक यंत्रणा आली. त्याआधी विजेची मोटर, साखळ्या आणि स्क्रू-जॅक होते. १९९२ च्या सी-९०बीला चार पात्यांचे पंखे (प्रॉपेलर) आणि खूपच शांत केबिन मिळाली. २००५ नंतरची जीटी मालिका पीटी-६ए-१३५ए इंजिनांची. ती खरोखर वेगवान आहे, पण किंमत वेगळ्याच पट्टीत जाते. जुन्या विमानावर तीच इंजिने ब्लॅकहॉकच्या संचातून बसवता येतात. अशी विमाने बाजारात दिसली तर जरूर बघा. इंजिने आधीच्या मालकाने नवी घातली असतील, तर त्याने केलेल्या खर्चाचा बराच भाग तुम्हाला कमी किमतीत मिळतो.

आता विमान खरोखर काय वाहून नेते ते पाहू. जाहिरातीत आठ माणसे बसलेली दिसतात. सी-९०बीचे उड्डाणाचे कमाल वजन १०,१०० पौंड, रॅम्पवर (इंजिन सुरू करताना, जागेवरून हलण्याआधी) १०,१६०. रिकामे वजन ७,००० पौंड धरा. जुनी एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे) आणि जड आतील सजावट असेल तर त्याहून जास्तच निघेल. हाती उरले ३,१६०. वापरण्याजोगे इंधन ३८४ गॅलन, म्हणजे २,५७३ पौंड. टाक्या काठोकाठ भरल्या आणि वैमानिक १८० पौंडांचा असला, तर बाकीच्यांसाठी ४०७ पौंड राहतात: दोन माणसे आणि त्यांच्या बॅगा. ३०० गॅलन भरले तर ९७० पौंड राहतात, पाच माणसे सहज येतात. म्हणून खरेदीआधी विक्रेत्याकडून वजनाचा ताजा कागद मागा. बरीच वर्षे प्रत्यक्ष तोलले नसलेले आणि फक्त आकडेमोडीने वजन दुरुस्त करत आलेले विमान काट्यावर चढवले की दीड-दोनशे पौंड जास्त भरू शकते.

वेग सी-९०बीला २३५ ते २४५ नॉट. पहिल्या तासाला जास्त इंधन जाते, त्यामुळे सरासरी ताशी ७८ ते ८० गॅलन धरा. ह्यूस्टन ते शिकागो सुमारे ८०० नॉटिकल मैल एका दमात होते. शिकागो ते डेन्व्हर अंतर थोडे कमीच, पण हिवाळ्यात समोरून ६० नॉटचा वारा असला तर तेच सव्वाचार तासांवर जाते आणि राखीव इंधन उरत नाही. पश्चिमेकडे जाताना मध्ये उतरायची तयारी ठेवा.

कॅलेंडर

पिस्टन विमानाच्या मालकाला सवय असते ती तास मोजायची. किंग एअरला तासांइतक्याच तारखा लागू असतात आणि कमी उडणाऱ्याला तारखाच आधी गाठतात. मुख्य तपासणी चार फेजमध्ये आहे. दर २०० तासांनी एक फेज, पण चारही फेज २४ महिन्यांत पूर्ण झाल्या पाहिजेत. वर्षाला १२० तास उडणारा मालक त्यामुळे पहिल्या वर्षी फेज १ आणि २, दुसऱ्या वर्षी ३ आणि ४ एकत्र करून घेतो. म्हणजे २४० तासांच्या उड्डाणात ८०० तासांच्या तपासण्यांचे पैसे जातात. त्यातून सुटका नाही, आणि शोधूही नये.

त्यापलीकडे लांब पल्ल्याच्या तारखा आहेत. उत्पादकाच्या वेळापत्रकानुसार लँडिंग गिअरचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्याने जोडणी) ६ वर्षांनी. पंख्यांचे ओव्हरहॉलही साधारण तेवढ्याच काळाने. पंख मधल्या सांगाड्याला जोडणारे बोल्ट दर ५ वर्षांनी काढून तपासायचे आणि १५ वर्षांनी बदलायचे. आग विझवण्याच्या बाटल्या, इंजिनाच्या भागातले रबरी होज यांच्या वेगळ्या तारखा. जाहिरातीत इंजिनाचे तास ठळक छापलेले असतात. या तारखा कुठेच नसतात. विमान बघायला जाण्याआधी विक्रेत्याला एकच कागद मागा: प्रत्येक तारीखबद्ध काम शेवटचे कधी झाले आणि पुढचे कधी आहे. लँडिंग गिअर, दोन्ही पंखे आणि बोल्ट येत्या वर्षात येणार असतील, तर ती रक्कम आकड्यासह भावातून वजा करा. हा कागद द्यायला जो विक्रेता आठवडा लावतो, त्याच्या विमानाची देखभाल कशी झाली असेल हे तेवढ्यावरून कळते.

वर्षभर हँगरमध्ये उभे राहून फक्त २० तास उडालेले विमान कमी तासांमुळे आकर्षक दिसते. ते टाळा. सील कोरडी पडतात, इंधनाच्या रबरी टाक्या कडक होऊन शिवणीवर झिरपतात, कंप्रेसरच्या पात्यांवर ओलसर हवा आपले काम करत राहते. दरवर्षी १५० तास उडून फेज वेळेवर झालेले विमान जास्त तासांचे असले तरी तेच घ्या.

इंजिने

पीटी-६ए-२१ चे ओव्हरहॉल ३,६०० तासांनी, आणि अर्ध्यावर, १,८०० च्या आसपास, हॉट सेक्शन (ज्वलनकक्ष आणि टर्बाइनचा गरम भाग) तपासणी. खासगी उड्डाणाच्या पार्ट ९१ नियमांत ३,६०० ची सक्ती नाही, त्यामुळे ४,००० तासांची इंजिनेही बाजारात दिसतील. ती वाईटच असतात असे नाही. पण तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढचा गिऱ्हाईक ती शून्य किमतीची धरणार, म्हणून घेताना तुम्हीही शून्यच धरा. एका इंजिनाच्या ओव्हरहॉलला ३ लाख डॉलर धरून चाललात, तर दोन्ही मिळून ६ लाख. भागिले ३,६०० केले की ताशी १६७ डॉलर. हे पैसे आज खिशातून जात नाहीत, पण दर तासाला खर्च होतच असतात.

हॉट सेक्शनमध्ये पैसे कुठे जातात ते समजून घ्या. उघडणे-जोडणे हा खर्चाचा ठराविक भाग. खरा धक्का कंप्रेसर टर्बाइनच्या पात्यांचा: एका चकतीवर ५८ पाती, आणि ती ताणली गेली किंवा गंधकाने खाल्ली गेली तर अनेकदा सगळा संच बदलावा लागतो. शिवाय व्हेन रिंग (वायूला दिशा देणाऱ्या स्थिर पात्यांचे कडे) आणि ज्वलनकक्षाचा लायनर. ही पाती अकाली मरण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे घाण झालेले नोझल. इंजिनात १४ इंधन नोझल असतात. एखाद्याची फवारणी बिघडून धार झाली, की ज्वाळेची जीभ एकाच जागी लागते आणि तिथली व्हेन जळते. साधारण ४०० तासांनी नोझल काढून स्वच्छ करणे आणि फवारणी तपासणे हा या विमानावरचा सर्वांत फायद्याचा खर्च आहे. नोझल काढलेले असतानाच त्या छिद्रांतून बोरोस्कोप (नळीच्या टोकाचा कॅमेरा) घालून आतली छायाचित्रे घ्या. लॉगबुकात या नोंदी नियमित दिसल्या तर मालक जाणता होता.

समुद्राजवळ ठेवलेल्या विमानाला कंप्रेसर धुणे चुकवता येत नाही. फ्लोरिडाचा किनारा, ह्यूस्टन-गॅल्व्हस्टनचा पट्टा, आणि आपल्याकडे मुंबई-गोवा, सगळीकडे हवेत मीठ आहे. रोज खाऱ्या हवेतून उडत असाल तर रोज, अधूनमधून असाल तर आठवड्याला. इंजिन पुरते थंड झाल्यावर, इग्निशन आणि ब्लीड (इंजिनातून केबिन वगैरेंसाठी काढलेली हवा) बंद ठेवून, स्टार्टरने फिरवत शुद्ध पाणी सोडायचे. मग इंजिन चालू करून वाळवायचे. स्टार्टरची मर्यादा इथेही लागू: ४० सेकंद चालू, ६० बंद, असे तीनदा झाले की अर्धा तास विश्रांती.

इंजिनाची तब्येत कळते ती आकड्यांच्या वहीतून. प्रत्येक लांब उड्डाणात, स्थिर झाल्यावर, उंची, बाहेरचे तापमान, वेग, टॉर्क, पंख्याचे फेरे, एन-१ (कंप्रेसरच्या फेऱ्यांची टक्केवारी), आयटीटी (टर्बाइनमधले तापमान) आणि इंधनाचा प्रवाह लिहा. तेवढ्याच टॉर्कला आयटीटी, इंधन आणि एन-१ तिन्ही वर सरकत असतील तर कंप्रेसर मळला आहे. धुवा, बहुधा परत येईल. आयटीटी आणि इंधन वर पण एन-१ खाली जात असेल तर बिघाड गरम भागात आहे आणि धुण्याने काही होणार नाही. विकत घेताना विक्रेत्याकडे अशी वही असेल तर ती दोन-तीन वर्षांची मागून घ्या. लॉगबुकापेक्षा ती जास्त खरे बोलते.

इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तेल बघा. उशीर झाला तर काठी कमी दाखवते आणि माणूस उगाच भरतो. पूर्ण खुणेपर्यंत भरू नका. बरीच इंजिने एक-दोन क्वार्ट खालीच स्थिर राहतात, वरचे तेल ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकतात आणि झाकणावर काळे ओघळ उमटतात. एका ब्रँडच्या तेलात दुसऱ्याचे मिसळू नका. विमानात दोन डबे त्याच ब्रँडचे ठेवा.

सुरू करणे

चुकीच्या स्टार्टने एका मिनिटात होणारे नुकसान शंभर तासांच्या उड्डाणाने होत नाही. स्टार्टर लावा, एन-१ किमान १२ टक्क्यांवर स्थिर होऊ द्या, मगच कंडिशन लिव्हर (इंधन सोडणारा-तोडणारा दांडा) लो आयडलला. दहा सेकंदांत पेट घेतला नाही तर कट-ऑफ. पेट घेतल्यावर नजर फक्त आयटीटीवर: सुरू करतानाची मर्यादा १,०९० अंश सेल्सिअस, तीही दोन सेकंद. काटा झपाट्याने चढत असेल तर वाट न बघता कंडिशन लिव्हर कट-ऑफ, आणि स्टार्टर तसाच चालू ठेवा म्हणजे हवा आतली उष्णता बाहेर नेईल. स्टार्टर सोडून देणे ही घाबरलेल्या हाताची नेहमीची चूक. हॉट स्टार्टचे कारण बहुतेकदा दमलेली बॅटरी किंवा मागून येणारा जोराचा वारा. एन-१ रेंगाळतो, हवा कमी पडते, इंधन तेवढेच. थंडीत किंवा लागोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्टार्टला जमिनीवरची वीज मागा. जुन्या विमानातली निकेल-कॅडमियम बॅटरी काढून सीलबंद लेड-अॅसिड घातलेली असेल तर सांभाळायला सोपी, पण थंडीत तिची ताकद जास्त उतरते.

उड्डाणातल्या दोन गोष्टी पिस्टनवरून येणाऱ्याला नव्या असतात. दिसणारा ओलावा आणि तापमान अधिक ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल तर आइस व्हेन (इंजिनात बर्फ शिरू न देणारी झडप) बाहेर. टॉर्क थोडा पडतो, ते अपेक्षितच. आणि इंधन: पंखातून नॅसेलच्या (इंजिनाच्या घराच्या) टाकीत ट्रान्सफर पंप आणतो. तो पंप बंद पडला तर गुरुत्वाने बरेच येते, पण त्या बाजूचे २८ गॅलन पंखातच अडकतात. दूरच्या प्रवासात हा पंप गेला तर लगेच गणित नव्याने मांडा.

खरेदीआधीची तपासणी

ती विक्रेत्याच्या नेहमीच्या दुकानात करू नका, आणि किंग एअर क्वचित बघणाऱ्या मेकॅनिककडेही नको. आधी ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए नोंदणीतून मालकी आणि कर्जाची चौकशी, मग विमानाला हात. लॉगबुके पहिल्या दिवसापासून सलग हवीत. इंजिनाच्या चकत्यांची आयुष्ये सायकलमध्ये (सुरू करणे, उडणे, बंद करणे अशी एक फेरी) मोजतात, आणि सायकलची नोंद तुटली तर चकती टाकावी लागू शकते. दोन्ही इंजिनांची बोरोस्कोप तपासणी, तेलाच्या फिल्टरातले कण, आणि जमिनीवर पूर्ण ताकदीची चाचणी.

सांगाड्यावर गंज शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: शौचालयाखालचा मजला, बॅटरीची पेटी, टाक्यांखालचा भाग, स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) कडा. पुढच्या तापवलेल्या काचेचे थर सुटले आहेत का ते तिरक्या उजेडात बघा, कारण एक काच बदलणे म्हणजे चांगल्या मोटारीची किंमत. पंखांच्या पुढच्या कडेचे बर्फ फोडणारे रबरी बूट फुगवून बघा. ब्लीड एअरच्या इशाऱ्याचे दिवे उगाच लागत असतील तर बहुधा जुन्या झालेल्या प्लास्टिकच्या नळ्या चिरलेल्या असतात. दुरुस्ती तशी स्वस्त, पण खरी गळती नाही याची आधी खात्री करा. चाचणी उड्डाणात २०,००० फुटांच्या वर जा आणि केबिनचा दाब कमाल मर्यादेला टिकतो का ते बघा. दाराच्या सीलमधून शीळ ऐकू आली तर तेही लिहून घ्या.

एव्हिऑनिक्सबद्दल फार लिहीत नाही. मूळ ऑटोपायलटचे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. गार्मिन जी-१००० बसवलेले विमान मिळाले तर जास्त पैसे द्या, नंतर स्वतः बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

वर्षाचा हिशेब

१२० तास, ताशी ८० गॅलन, म्हणजे ९,६०० गॅलन. गॅलनला साडेपाच डॉलर धरले तर ५२,८०० डॉलर. इंजिनांसाठी बाजूला २०,०००. दोन फेज आणि त्यात निघणारी कामे: ३०,००० धरा, पहिल्या वर्षी दुप्पट. नव्या मालकाच्या पहिल्या तपासणीत आधीच्या मालकाने पुढे ढकललेले सगळे एकदम निघते. विमा, हँगर आणि प्रशिक्षण वेगळे. वजन १२,५०० पौंडांच्या आत असल्याने अमेरिकेत टाइप रेटिंग लागत नाही, पण विमा कंपनी सुरुवातीचा सिम्युलेटर कोर्स आणि पुढे दरवर्षीची उजळणी मागतेच. ती मागितली नाही तरी करा. उड्डाणाच्या क्षणी इंजिन जाणे आणि पंखा फेदर न होणे (पाती वाऱ्याला समांतर न वळणे) हे खऱ्या विमानात सुरक्षितपणे शिकवता येत नाही. ऑटोफेदर (हे आपोआप करणारी यंत्रणा) जुन्या विमानांत ऐच्छिक होते. नसलेले विमान घेत असाल तर हा सराव दुप्पट करा. भारतात नेण्याचा विचार असेल तर तिथे परवान्यावर विमानाचा प्रकार नोंदवावा लागतो आणि आयात होणाऱ्या जुन्या विमानाला वयाची अट आहे. विमान आवडण्याआधी ती तपासा.

हँगर आधी बघा, विमान नंतर. शेपटीची उंची १४ फूट ३ इंच, पंखांची लांबी ५० फूट ३ इंच. पिस्टन विमानांच्या टी-हँगरचे दार बहुतेकदा याला पुरत नाही. नव्या जागी विमान ओढायला देताना रडर-लॉक काढलेले आहे ना ते स्वतः बघा आणि नाकाच्या चाकावरच्या वळणाच्या खुणा टोइंग करणाऱ्याला बोट ठेवून दाखवा. त्यापलीकडे वळवले की स्टीअरिंगचा दांडा वाकतो किंवा तुटतो, आणि ते पुढच्या टॅक्सीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.